समोरचे डिपर मारतात? आधी अंगणाचा उतार बघा

गुहागरहून चिपळूणला जाताना तुम्ही डिपरवर (म्हणजे लो बीमवर) असूनही समोरचा प्रत्येकजण लाइट मारतो, सर्व्हिस सेंटरवाले "सगळं नॉर्मल आहे" म्हणतात, आणि आता हेडलाइटचा फोकस, म्हणजे प्रकाशाचा रोख, घरीच सेट करता येईल का असं तुम्ही विचारलंय. वाचताना वाटलं, हे चार वर्षांपूर्वी मीच लिहिलं असतं. मलाही हेच उत्तर मिळालं होतं. शेडमध्ये गाडी उभी, लाइट लावला, एकाने दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि बिलावर बरोबरची खूण केली. भिंतीवर रेघ नाही, मोजमाप नाही. त्या खुणेचा मला आजही राग येतो, कारण त्यानंतर मी जे केलं ते त्याहून वाईट होतं.

घरी फोकस नक्की सेट करता येतो. मी मेकॅनिक नाही. राजापूरकडे आमची कलमं आहेत, आणि माझी गाडी जुनी, साध्या हॅलोजन बल्बची आहे. तुमच्या गाडीत लाइट आपोआप वर-खाली होत असतील तर पुढचं वाचू नका आणि लाइटचा रोख वर-खाली करणाऱ्या स्क्रूला हात लावू नका. टायरची हवा, ड्रायव्हर सीटवर माणूस, डिपरवरच सेट करायचं, एक लाइट झाकून दुसरा बघायचा, हे तुम्हाला माहीत असेलच.

मी चुकलो जमिनीत. आपल्याकडे अंगण सपाट दिसतं, पण सपाट नसतं. जोत्याशी पाणी साचू नये म्हणून बांधतानाच त्याला उतार दिलेला असतो, आणि रोज वावरणाऱ्याच्या तो डोळ्यांना दिसत नाही. माझी गाडी उभी राहते तिथे कोबा आहे, तो पातळीत आहे. तिथून घराच्या भिंतीपर्यंत जमीन चढत जाते. मी गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी केली. लाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली, 66 सेंटिमीटर. मग भिंतीपाशी जाऊन तिथल्या जमिनीपासून 66 मोजून रेघ मारली. प्रकाशाला 1 टक्का उतार हवा, म्हणजे मीटरमागे 1 सेंटिमीटर, म्हणून त्याखाली साडेसात सेंटिमीटरवर दुसरी रेघ, आणि तिच्यावर प्रकाशाची वरची कड आणून ठेवली. समाधानाने झोपलो.

भिंतीपाशी जमीन 15 सेंटिमीटर उंच होती. म्हणजे रेघही 15 सेंटिमीटर उंच. त्यातले साडेसात वजा केले तरी प्रकाश खाली उतरायच्या ऐवजी साडेसात सेंटिमीटर वर चढत होता. साडेसात मीटरला साडेसात, म्हणजे 75 मीटरला पाऊण मीटर. तिथे कड जमिनीपासून 141 सेंटिमीटरवर जाते, आणि समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात.

दोन दिवसांनी रात्री आतल्या रस्त्याने येत होतो. पऱ्याच्या मोरीआधी एक स्कूटर साइडपट्टीवरून खाली गेली. मागे त्याची लहान मुलगी बसली होती. खरचटण्यावर निभावलं. तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तो नुसता म्हणाला, "दादा, कायच दिसला नाय." मुलीला गाडीत घेऊन दवाखान्यात गेलो, पण वाटेत तिच्याशी बोलायची हिंमत झाली नाही.

पुढच्या आठवड्यात चिऱ्याच्या कामाला गवंडी आले होते. त्यांच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने (तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं) अंगण मोजलं तेव्हा ते 15 सेंटिमीटर सापडले. म्हणून माझं ठाम मत आहे की नजरेने सपाट जागा शोधत फिरू नका, नळी आणा. मासळी बाजाराचा ओटा, शाळेपुढचा कोबा, सगळ्याला पाणी जाण्यापुरता उतार असतोच. पुढच्या आणि मागच्या चाकाखालची जमीन नळीने एका पातळीत आहे ना ते बघा. नसेल तर जागा बदला. मग लाइटच्या मध्याची उंची नळीनेच भिंतीवर न्या. टेप फक्त गाडी ते भिंत अंतरासाठी आणि दोन रेघांमधल्या अंतरासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम डोळे दिपवण्याबद्दल आहे. तोसुद्धा दीड मीटर उंची गाडी उभी असलेल्या पातळीपासूनच धरतो.

प्रकाशाला किती टक्के उतार हवा ते लाइटवर किंवा बॉनेटखाली लिहिलेलं असतं, 1.0, 1.2 असं काहीतरी. माझं 1 होतं म्हणून तुम्ही 1 धरू नका. आत स्टिअरिंगजवळ 0 ते 3 आकड्यांची चकती असेल तर सेट करताना ती 0 वर हवी. एरवी ही चकती अनेकजण कधीच फिरवत नाहीत. डिकीत आंब्याच्या पेट्या आणि मागे तीन माणसं बसली की गाडी मागून दबते आणि लाइट वर जातात, त्यासाठीच ती दिलेली असते. गणपतीत घाट चढणाऱ्या भरलेल्या गाड्या बघा म्हणजे कळेल.

भिंतीवर डाव्या बाजूला प्रकाश तिरका वर चढलेला दिसेल. तो दोष नाही. आपण डावीकडून चालतो, म्हणून कडेची माणसं आणि पाट्या दिसाव्यात यासाठी तो तसाच बनवलेला असतो. तो चढ खाली ओढू नका, उजवीकडची सपाट कड रेघेवर आणा. कडच दिसत नसेल, सगळीकडे पसरट उजेड असेल, तर बल्ब नीट बसलाय का ते बघा. हॅलोजनच्या जागी कोणी एलईडी बल्ब घातला असेल तर तो काढा. लाइटमधली चकचकीत वाटी हॅलोजनच्या तारेच्या जागेसाठी बनवलेली असते, दुसरा बल्ब तिथे उजेड उधळतो आणि स्क्रू कितीही फिरवले तरी ते सुटत नाही. यावर मला कोणी काहीही सांगो, माझं मत बदलणार नाही.

खाऱ्या वाऱ्याने आपल्याकडे हे स्क्रू धरतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. मी डावा स्क्रू जोराने फिरवला, आतला प्लॅस्टिकचा दात तुटला आणि पूर्ण लाइट बदलावा लागला.

सेट झाल्यावर भिंतीवर विसंबू नका. रात्री सरळ, सपाट रस्त्यावर घरातल्या कोणाला तरी 75 मीटर पुढे उजव्या कडेला स्कूटरवर बसवा आणि डोळ्यांवर येतं का विचारा. मी आता दर पावसाळ्यानंतर हे करतो. तुमच्या लाइटवरचा आकडा आणि भिंतीपर्यंतचं अंतर इथे लिहा, रेघ किती खाली मारायची ते काढून देतो.