फोटोवर नाव टाकावं, पण कुठे आणि किती?

प्रश्न : काका, मी येळ्ळूरचा. नोकरी सांभाळून फोटोग्राफी करतो. राजहंसगडावर धुक्यात काढलेला माझा एक फोटो परवा बेळगावात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दिसला. खालच्या कोपऱ्यात बारीक नाव होतं, ते कापून टाकलंय. मित्र म्हणतात, आता मधोमध मोठ्ठं नाव टाकत जा. पण तसं केलं की फोटो बघवत नाही. वॉटरमार्क टाकावा की नको? हल्ली लग्नाच्या ऑर्डरीही घेतो, त्या फोटोंवर टाकलं तर चालेल का?

उत्तर : टाक. मधोमध मात्र टाकू नकोस. धुकं नेमकं कधी सरकतंय याची वाट बघत तू गडावर गारठलास आणि त्या फोटोवर दुसऱ्याच कुणाचा चेहरा चिकटवला. याची चीड मला कळते. माझ्या शहापुरातल्या स्टुडिओत येणारी पोरं अशीच तक्रार घेऊन येतात. पण चिडून आपणच आपला फोटो विद्रूप करायचा, हे मला पटत नाही. लोकांनी बघावा म्हणून तू तो टाकलास ना? मग धुक्यातून वर आलेल्या तटावर आडवी अक्षरं आली तर माणसाने गड कुठे बघायचा?

तुझं नाव कापलं गेलं ते जागेमुळे. फ्लेक्सवर खालची पट्टी शुभेच्छुकांच्या गोल फोटोंसाठी लागते, त्यामुळे कोपऱ्यातलं नाव आपसूकच जातं. नाव असं ठेव, की ते कापायला गेलं तर गडच कापला जाईल. तटाच्या दगडांवरून, दगडाच्याच रंगाच्या आसपास, तीस-चाळीस टक्के दिसेल इतकं फिकट. धुकं, आभाळ, पाणी अशा सपाट जागेवरचं नाव आता मोबाइलवर बोटाने पुसता येतं. दगड, पानं, साडीची जर यांवरचं पुसलं तर बहुधा खूण राहते.

तरीही पक्क्या चोराला नाव अडवत नाही, हे धरूनच चाल. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एकच शिक्का पुष्कळ फोटोंवर मारलेला असला तर संगणक ते फोटो ताडून शिक्का ओळखतो आणि साफ काढून टाकतो. दर फोटोत नुसती जागा बदलूनही भागत नाही. अक्षरांना दर वेळी किंचित वेगळा बाक दिला तर काढलेल्या जागी पुसट खुणा उरतात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे नाव टाकायचं ते मुख्यतः भल्या माणसासाठी. फोटो आवडला, काम द्यायचंय, पण काढला कुणी हे कळत नाही, असा माणूस. त्याच्यासाठी नावाशेजारी फोन नंबर हवाच. अक्षरं मराठी ठेवायची की कानडी, ते तुझं गिऱ्हाईक बघून ठरव. खानापूरकडची कामं असतील तर एक, गोकाककडची असतील तर दुसरं.

खरा बंदोबस्त फोटोच्या आकारात आहे आणि तिकडे कुणी लक्ष देत नाही. कॅमेऱ्यातला पूर्ण फोटो कधीच चढवू नकोस. लांब बाजू बाराशे पिक्सेल पुरे. हिशेब बघ : असा फोटो आठ बाय बाराच्या प्रिंटला घेतला तर इंचाला शंभर पिक्सेल पडतात, चांगल्या प्रिंटला लागतात तीनशे. ज्याला कॅलेंडर किंवा भिंतीवरची फ्रेम करायचीय, त्याला मोठी फाइल मागायला तुझ्याकडे यावंच लागेल. फ्लेक्सवाला यातूनही सुटतो. दहा फुटी फ्लेक्सला इंचाला दहाच पिक्सेल मिळतात, पण रस्त्यापलीकडून ते खपून जातं. कॅमेऱ्याच्या मेन्यूत तुझं नाव भरून ठेव, ते प्रत्येक फाइलच्या पोटात जाऊन बसतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलास तर ती माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठव. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल, कुणालाही देऊ नकोस. उद्या वाद झाला तर तोच तुझा पुरावा.

लग्नाच्या फोटोंना दुसरा न्याय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गडाच्या फोटोचा मालक तू, काढलास तेव्हापासून. नोंदणी सक्तीची नाही. पण कुणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, त्या गिऱ्हाइकाचा. नवरीचा फोटो तिला न विचारता आपलं नाव लावून इन्स्टाग्रामवर टाकणं म्हणूनच चूक. कायदा नसता तरी मी ते चूकच म्हटलं असतं, लोकांच्या घरातल्या मुली आहेत त्या. ॲडव्हान्स घेताना ऑर्डर फॉर्मवर एक ओळ घाल : निवडक फोटो जाहिरातीसाठी वापरण्यास संमती आहे किंवा नाही. ‘नाही’ म्हटलं तर विषय संपला. अल्बमच्या पानांवर तर तुझं नाव मुळीच नको. शेवटच्या पानाच्या तळाशी स्टुडिओचं नाव आलं की पुरे.

आता त्या फ्लेक्सचं. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात ६५-ब हे कलम आलं. फोटोवरचं हक्कदाराचं नाव जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढणं हा त्याखाली गुन्हा आहे; दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण हे कलम बोलायला सुरुवात करताना काढू नकोस. फ्लेक्स चार दिवसांत उतरतो, म्हणून आधी त्याचा फोटो काढ, आजूबाजूची दुकानं दिसतील असा. खाली छापणाऱ्याचं नाव असेल, त्याच्याकडे मूळ फाइल नुसती दाखवायला घेऊन जा. बहुतेक वेळा डिझाइन करणाऱ्या पोराने व्हॉट्सॲपवर आलेला फोटो उचललेला असतो आणि तो कुणाचा हे त्याला ठाऊकही नसतं. शांतपणे बिल दे. ऐकलं नाही तर वकिलाची नोटीस. आणि ज्यांनी फ्लेक्स लावला त्या मंडळींनाही भेट. शिवजयंतीच्या चित्ररथांचे फोटो त्यांना लागणारच आहेत, त्याचा दर त्याच भेटीत सांगून ये.