पूर्वीचे शिकारी सांबराच्या मागावर जाण्याआधी रान कसं हेरायचे? आता फोटोसाठी नुसता पाणवठा शोधला तर चालेल का?

नाही चालणार. पाणवठा मोबाईलच्या नकाशातही सापडतो. हेरायचं असतं ते जनावर तिथं कुठल्या वाटेनं येतं आणि त्या वेळेला वारं कुणीकडून असतं.

आमचं गाव राधानगरी तालुक्यात, दाजीपूरच्या अंगाला. दाजीपूरचं रान संस्थानकाळी शिकारीसाठी राखीव होतं, १९५८ साली अभयारण्य झालं. आजोबा शिकारीत माग काढायला जायचे. चुलत्यांनी, म्हणजे अण्णांनी, कधी बंदूक धरली नाही, पण माग काढणं आजोबांकडून उचललं.

एका मे महिन्यात माझा मावसभाऊ कोल्हापुरातून मोठी लेन्स घेऊन आला. आमच्या मालकीच्या रानात ओढ्याला एक डबकं उरलं होतं. त्याच्या वरच्या दरडीवर त्यानं लपण बांधलं. समोर पाणी, मागून उजेड, सगळं बघून. ओळीनं रोज संध्याकाळी बसला, काही आलं नाही. मग म्हणायला लागला, "तुमच्या रानात सांबरच उरलं नाही."

अण्णांना ते लागलं. ऊन चढायच्या आत आम्हा दोघांना घेऊन गेले ते डबक्याकडं नाही, खालच्या कारवीच्या झुडपांत. तिथं कमरेच्या उंचीला पानांवर चिखल घासलेला. मागं गेलो तर झऱ्याच्या ओलीत सांबराची लोळण, म्हणजे चिखलात लोळायची जागा. लोळणीकडं येणाऱ्या वाटेवरची पानं स्वच्छ, जाणाऱ्या वाटेवरची बरबटलेली, म्हणजे दिशा कळली. बोट लावलं तर चिखल अजून ओला. लेंड्या फोडल्या, आतून हिरव्या. खुराच्या ठशाची कडही ढासळली नव्हती. जनावर रोज रात्री डबक्यापासून हाकेच्या अंतरावर येत होतं आणि लोळून परत फिरत होतं.

अण्णांच्या खिशात सावरीचा कापूस होता. दुपारी चारला लपणापाशी एक पुंजका सोडला, तो दरडीवरून वर गेला, पाण्यापासून लांब. भाऊ म्हणाला, "बघा, वारं बरोबरच आहे." अण्णा गप्प बसले. सूर्य बुडाल्यावर दुसरा सोडला. तो सरळ खाली आला, डबक्यावरून तरंगत कारवीत शिरला. दिवसा तापलेल्या उतारावरून वारं वर चढतं, सांज झाली की गार होऊन खाली उतरतं. सांबराची यायची वेळ आणि वारं फिरायची वेळ एकच. भावाचा वास त्याच्याआधी कारवीत पोचत होता.

अण्णांनी लपण वाटेच्या खालच्या अंगाला, एका जांभळाच्या बुंध्याशी घ्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी अंधारून येताना मादी आली. पुढचा एक पाय उचलून बराच वेळ उभी राहिली, कान जुन्या लपणाकडं. मग पाण्याला तोंड लावलं.

तो फोटो आज भावाच्या हॉलमध्ये आहे. पाहुण्यांना सांगतो, "नशीब लागतं." मला म्हणतो, माग काढणं ही शिकाऱ्यांची विद्या, शिकारीबरोबरच संपायला हवी होती. मला हे अजिबात पटत नाही. बंदूक गेली ते उत्तम झालं. पण पान बघून जनावर कुठं गेलं ते सांगणारा माणूस गेला, तर त्या रानात काय आहे हे सांगणार कोण? तुम्हीही लेन्सवर खर्च करण्याआधी असा एखादा म्हातारा शोधा, आणि फोटोखाली त्याचं नाव लिहा.

माळावरच्या काळविटाचं तंत्र निराळं. ते नाकापेक्षा डोळ्यावर चालतं. संस्थानात काळवीट धरायला शिकवलेले चित्ते बैलगाडीतून न्यायचे, कारण गाडीला काळवीट बुजत नसे. तिथं सावरीचा कापूस फारसा कामाचा नाही.

आणि हो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार गुन्हा आहे, मालकीच्या रानातसुद्धा. अभयारण्यात परवानगीशिवाय वाट सोडू नका. आमच्याकडं कारवीत गवा उभा असतो आणि दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही, म्हणून एकट्यानं शिरू नका. वाट एकदा कळली की परत परत तुडवू नका, तुमचा वास तिथं राहतो आणि सांबर वाट बदलतं.