अमेरिकेच्या क्रांतीत ज्यू कुणाकडून होते?

प्रश्न: १७७६ च्या क्रांतीत तिकडचे ज्यू इंग्रजांकडून होते का बंडवाल्यांकडून?
– एक वाचक, परभणी

उत्तर: सगळे एका बाजूला नव्हते हो, आपल्याकडं निजामाच्या वेळी तरी कुठं होते! न्यूयॉर्कचे ज्यू धर्मगुरू गेर्शम सेशास बंडवाल्यांकडचे, ते इंग्रज यायच्या आधीच तोराच्या (ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्या घेऊन गाव सोडून गेले, अन् न्यूपोर्टचे धर्मगुरू आयझॅक टुरो मात्र राजाशी एकनिष्ठ राहिले, पुढं जमैकाला गेले. पण खरी गंमत नंतरची, पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १७७६ च्या घटनेत विधानसभेत बसायचं तर बायबलातल्या नव्या कराराला मानायची शपथ घ्यावी लागायची, ज्यू तर तो मानत नाहीत, म्हणजे बंडवाल्यांच्या लढाईला पैसा देणारे ज्यू हाइम सॉलोमन बाहेरच! मग १७८३ ला सेशास, सॉलोमन वगैरेंनी ही अट काढा म्हणून अर्ज केला, ती १७९० च्या नव्या घटनेत गेली.