३८ टक्क्यांवर अडलंय, थेट हायकोर्टात जाऊ का?

प्रश्न: वकीलताई, माझा धाकटा भाऊ साकीनाक्याला पॉवर प्रेसवर कामाला होता, मशीनमध्ये उजव्या हाताची बोटं गेली. दिव्यांगाचा दाखला काढला तर ३८ टक्के आले. तरी संजय गांधी निराधारचा फॉर्म भरला, तो खिडकीवरच "चाळीस पाहिजेत" म्हणून परत दिला. शेजारचे काका म्हणतात सरळ हायकोर्टात केस टाका. टाकू का? वकिलाचा खर्च झेपणार नाही.
– एक बहीण, भांडुप

उत्तर: ताई, टाकता येते, पण आत्ता नको. रिट (सरकारी निर्णयाविरुद्ध थेट हायकोर्टात केलेला अर्ज) टाकली की पहिलं विचारतात, कायद्यात अपिलाची सोय आहे ती वापरली का, आणि नाही म्हटलं की बहुतेक वेळा आधी तिकडे जा म्हणून परत पाठवतात, तोवर तिकडची मुदत संपलेली असते.

भांडण नक्की कुणाशी आहे ते आधी बघा. फॉर्म परत दिला म्हणून सगळे खिडकीवरच्या माणसावर चिडतात, पण तो बघतो दाखल्यावरचा आकडा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्क्यांची रेषा आहे, ही योजनाही तीच धरते, आणि ३८ हा आकडा दिलाय हॉस्पिटलच्या बोर्डाने. म्हणजे अपील दाखल्याविरुद्ध. त्याच कायद्याचं कलम ५९, आणि मुदत राज्य सरकारच्या नियमांनी ठरते. दाखल्यावरची तारीख आजच बघा. अपील कुठल्या अधिकाऱ्याकडे आणि किती दिवसांत करायचं ते दाखला दिला त्या हॉस्पिटललाच लेखी विचारा, पोच घ्या.

अपिलात गरिबीची कहाणी लिहून काही होत नाही (सगळे तीच लिहितात). बोर्डाने काय मोजलं आणि काय सोडलं ते लिहा. प्रेसच्या आवाजात काम केलेला माणूस आला की मी हमखास विचारते, ऐकू नीट येतं का? टीव्ही मोठ्याने लावतो का, मागून हाक मारली तर वळतो का? तसं असेल आणि ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची चाचणी) झालीच नसेल तर बोर्डाने नुसता हात मोजलाय. दोन प्रकारचं अपंगत्व असलं तर दोन्ही धरून टक्के काढतात, सरळ बेरीज नसते, त्याचं सूत्र ठरलेलं आहे, पण तुम्हाला दोनच टक्के कमी पडतायत ना. वांद्र्याच्या अली यावर जंग इन्स्टिट्यूटमध्ये कानाची तपासणी होते. हाताचंही तसंच, पकड किती राहिली, मनगट फिरतं का, हे बघितलं की फक्त बोटं मोजली? त्यासाठी बोर्डाचा तपासणीचा कागद माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मात्र त्या कागदाची वाट बघत बसू नका, अपील आधी आत टाका आणि कागद मागाहून जोडा.

अपील फेटाळलं तर मग घटनेच्या कलम २२६ खाली रिट. जज स्वतः टक्के काढत नाहीत, बोर्डाने नियमाने तपासलं का, कारणं दिली का ते बघतात, आणि पटलं नाही तर दुसरीकडे तपासायला पाठवू शकतात. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या मेडिकल ॲडमिशनच्या केसमध्ये २०२४ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बोर्डाने नकार देताना कारणं द्यायलाच हवीत, आणि नकाराला आव्हान दिलं तर कोर्टाने नामांकित मेडिकल संस्थेचं स्वतंत्र मत घ्यावं. विषय ॲडमिशनचा असला तरी तुमचा वकील तो निकाल वापरू शकतो. म्हणून फॉर्मसुद्धा तोंडी नाकारून घेऊ नका, पुन्हा भरा, आवक शिक्का घ्या, नकार लेखी मागा. खिडकीवरच्या "चाळीस पाहिजेत"चा कागद नसतो हो!

खर्चाचं म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांगांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. ३८ टक्क्यांवरून तिथेही कुणी फाटे फोडले तर उत्पन्नाच्या निकषावर अर्ज करा, महाराष्ट्रात मर्यादा वर्षाला ३ लाख आहे. १५१०० ला फोन केलात तर भांडुपहून कुठे जायचं ते सांगतील.

आणि हो, अपघात कामावरच झालाय ना? मग ईएसआयचा (कामगार विम्याचा) लाभ किंवा मालकाकडून भरपाई हे प्रकरण वेगळं, त्याची मुदतही वेगळी. पगारातून ईएसआय कापायचे का ते भावाला विचारून लगेच कळवा.