वाचनालयाच्या छोट्या प्रोग्रामसाठी विंडोज आणि उबुंटू दोन्हींवर चालणारं हलकं डेस्कटॉप फ्रेमवर्क कोणतं घ्यावं?

डब्ल्यूएक्स-पायथन घ्या, म्हणजे डब्ल्यूएक्स हे खिडक्या-बटणं पुरवणारं फ्रेमवर्क, पायथनमधून वापरायचं. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः आधी भलतंच हलकं निवडून तोंडघशी पडलोय.

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: गावातलं सार्वजनिक वाचनालय, सभासदांची नोंद, पुस्तकांची देवघेव, वर्गणीची पावती. दोन मशीनवर विंडोज, एकावर उबुंटू, रॅम ४ जीबी. तुम्हाला पायथन बऱ्यापैकी येतं, सी++ जेमतेम. इलेक्ट्रॉनवर (वेबपानांतून डेस्कटॉप ॲप बनवणारं फ्रेमवर्क) करून पाहिलं तर मशीन कुंथायला लागलं.

कुंथणारच. इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक ॲपबरोबर अख्खं क्रोमियम (क्रोमच्या पोटातला ब्राउझर) आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) जातं. शंभरेक पानांच्या देवघेव रजिस्टरऐवजी काहीतरी हवं म्हणून आपण एक स्वतंत्र ब्राउझर पोसायला घेतो. व्हीएस कोड या कोड-एडिटरसारख्या पसाऱ्याला ते शोभतं.

आता माझी फजिती. मेहुण्याचं कृषी सेवा केंद्र आहे. त्याच्यासाठी मी बिलाचा प्रोग्राम केला होता, सी++ मध्ये, एफएलटीके १.३ वापरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे सी++ चं छोटं फ्रेमवर्क, याचा उच्चार 'फुलटिक' करतात आणि साधी खिडकी उघडणारा प्रोग्राम शे-दीडशे केबीत बसतो. माझी एक्झी पेनड्राइव्हवरून थेट चालायची, इन्स्टॉल करायची भानगड नाही. मी कॉलर ताठ करून फिरत होतो. मग दुकानातलं एक जुनं मशीन विंडोजला झेपेना म्हणून त्यावर लिनक्स टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला, "दाजी, खताच्या बिलात हा कली कुठून शिरला?"

जाऊन पाहिलं तर 'किलो'ची वेलांटी 'क'च्या आधी न येता नंतर आली होती आणि 'ल'च्या डोक्यावर जाऊन बसली होती. वाचताना 'कलि' असंच वाचलं जाई. 'द्राक्ष'चे पाय मोडून तुकडे पडले होते.

कारण साधं आहे. देवनागरी साठवली जाते एका क्रमाने आणि दिसते दुसऱ्या. 'कि'मध्ये फाईलीत आधी 'क', मग वेलांटी, पडद्यावर उलट. जोडाक्षरांसाठी फॉन्टमधून वेगळी आकृती उचलावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो. या कामाला शेपिंग म्हणतात. विंडोज आणि मॅकमध्ये ते सिस्टीमच करते, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. एफएलटीके १.३ लिनक्सवर हार्फबझला विचारतच नव्हतं, एकेक अक्षर आलं तसं ठेवत होतं. विंडोजवर अक्षरं नीट दिसायची, पण रुंदी एकेका अक्षराची मोजून बेरीज केलेली असल्यामुळे कर्सर शब्दाच्या पुढे कुठेतरी लुकलुकत राहायचा. ते मी आधी पाहूनही दुर्लक्ष केलं होतं, ही माझी चूक. (२०२४ मध्ये आलेल्या १.४ मध्ये पँगो (हार्फबझकडून शेपिंग करून घेणारी लायब्ररी) जोडून हे सुटतं, पण तोवर मी प्रोग्राम नव्याने लिहून मोकळा झालो होतो.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच की फ्रेमवर्क किती एमबीचं आहे हे नंतर बघा. आधी एक रिकामी खिडकी, त्यात एक मजकुराची चौकट, आणि त्यात हे टाईप करा: 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. रफार आणि अर्धा ऱ्य वेगळे दिसले पाहिजेत. मग 'स्त्रियांनी' लिहा, बाण-कळीने मधे जा, बॅकस्पेस मारा, निवडून कॉपी करा. तुम्ही इनस्क्रिप्टवर टाईप करत असाल आणि वाचनालयातल्या ताई इंग्रजी अक्षरं वापरून फोनेटिकवर, तर दोन्ही पद्धतींनी करून बघा. फोनेटिकमध्ये अक्षर तयार होण्याआधीची अर्धवट अवस्था फ्रेमवर्कला सांभाळावी लागते आणि तिथे बरेच जण गडबडतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मे उमेदवार इथेच बाद होतात.

डिअर आयएमगुई बाद. ईगुईही माझ्या यादीतून याच कारणाने गेलं. दोन्ही सुंदर आहेत, खेळ बनवणाऱ्यांच्या अवजारांसाठी उत्तम, पण सगळं स्वतःच रंगवतात आणि देवनागरीचं शेपिंग त्यांच्याकडे नाही. टीकेइंटर पायथनबरोबर फुकट येतं म्हणून हात तिकडेच जातो, पण त्याच्यामागचं टीके ८.६ लिनक्सवर तोच कली शिरवतं. फक्त विंडोज असतं तर मी कदाचित म्हटलं असतं की चालवून घ्या.

डब्ल्यूएक्स यातून सुटतं ते त्याच्या जुन्या स्वभावामुळे. १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी ते सुरू केलं. डब्ल्यू म्हणजे विंडोज, एक्स म्हणजे युनिक्सवरची एक्स विंडो. ते बटणं, चौकटी स्वतः रंगवत नाही, त्या त्या सिस्टीमकडून मागून घेतं. विंडोजवर विंडोजची चौकट, उबुंटूवर जीटीकेची (लिनक्सवरचं खिडक्या-बटणांचं फ्रेमवर्क), आणि जीटीकेच्या पोटात पँगो व हार्फबझ आहेतच. देवनागरीसाठी तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. दिसायला जरा जुनाट, हे कबूल.

याच स्वभावाचा आणखी एक फायदा वाचनालयाला होईल. दृष्टिहीनांसाठीचा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे ना, त्याच्या स्वतःच्या खिडक्या डब्ल्यूएक्स-पायथनमध्येच केलेल्या आहेत. सिस्टीमचीच बटणं असल्यामुळे स्क्रीन रीडरला ती ओळखता येतात. उद्या दृष्टिहीन सभासदाला यादी स्वतः चाळायची असेल तर सोय आहे.

पावतीसाठी त्यात एचटीएमएल ईझी प्रिंटिंग नावाचा क्लास आहे. साध्या एचटीएमएलमध्ये पावती लिहून त्याच्या हाती द्यायची, छापण्याआधीचं पूर्वदृश्यही मिळतं. छपाई हा विषय फ्रेमवर्क निवडताना कुणालाच आठवत नाही आणि शेवटी आठवडा तिथेच जातो.

उबुंटूवर एक खाचखळगा आहे. तिथे पिपने (पायथनची पॅकेजं टाकणारं साधन) डब्ल्यूएक्स-पायथन टाकायला गेलात तर ते बहुधा सोर्सपासून कंपाईल करायला बसेल आणि ४ जीबीच्या मशीनवर चहा, जेवण, झोप सगळं होईल. त्याऐवजी उबुंटूच्या ॲप्ट या साधनाने तयार पॅकेज घ्या. विंडोजवर पिपने काही अडचण नाही. पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रामची एक्झी करणारं साधन) बांधलेला माझा फोल्डर वीस-तीस एमबीच्या घरात जातो.

आता 'टौरी का नाही?' असं कुणीतरी विचारेलच. टौरी हेही इलेक्ट्रॉनसारखं वेबपानांतून ॲप बनवतं. त्याचा इन्स्टॉलर खरंच काही एमबींत बसतो, कारण ब्राउझर ते सोबत नेत नाही, सिस्टीममधला वापरतं. पण विंडोजवर तो सिस्टीममधला ब्राउझर म्हणजे वेबव्ह्यू२, आणि वेबव्ह्यू२ म्हणजे पुन्हा क्रोमियमच. डिस्क वाचते, रॅम तेवढी वाचत नाही, आणि तुमची अडचण रॅमची आहे. शिवाय उबुंटूवर वेबकिट-जीटीके हे वेगळं ब्राउझर-इंजिन असल्यामुळे तेच पान दोन ठिकाणी दोन तऱ्हेने दिसू शकतं, आणि मागची बाजू रस्ट या भाषेत. तुम्ही एचटीएमएल-जावास्क्रिप्टमध्ये मुरलेले असता तर गोष्ट वेगळी होती.

क्यूटी, म्हणजे पायथनकडून पायसाइड, हा माझा दुसरा पर्याय. देवनागरी चोख, तक्ते फार छान, कागदपत्रं डब्ल्यूएक्सपेक्षा कितीतरी नीट. फोल्डर दुपटी-तिपटीने मोठा होतो, तो होऊ द्या. पायक्यूटी आणि पायसाइड यांत गोंधळू नका: पायक्यूटी जीपीएल (आपला कोडही खुला ठेवायला लावणारा परवाना) किंवा विकतच्या परवान्यावर मिळतं, पायसाइड एलजीपीएल या त्याच्या सैल भावंडावर. वाचनालयाला फुकट देणार असाल तर दोन्ही चालतील, पण उद्या आणखी चार वाचनालयांना विकायचं मनात असेल तर पायसाइडच बरं.

आणि कॉलेजात डेल्फी शिकलेले कुणी हे वाचत असतील तर लाझारस (डेल्फीसारखंच मोफत साधन) विसरू नका. सुटी एक एक्झी, डीबगची माहिती काढून टाकली की काही एमबींची, जुन्या मशीनवर भुर्रकन उघडते.

एक गोष्ट मात्र कुठलंच फ्रेमवर्क करून देणार नाही. सभासदांची यादी अकारविल्हे लावायला एसक्यूलाइटला (एका फाईलीत बसणारा डेटाबेस) सांगितलंत तर ते युनिकोडच्या क्रमाने लावेल, त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पाठीला आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये स्वतःचा क्रम नोंदवता येतो, वीसेक ओळींचं काम आहे. ग्रंथपाल जुने असतील तर ते पहिल्याच दिवशी ही चूक दाखवतील.

तुमच्या त्या दोन मशीनवर विंडोज कोणती आहे ते लिहिलेलं नाही. ७ असेल तर पायथन ३.८ च्या पुढे जाता येणार नाही आणि क्यूटी ६ सुद्धा चालणार नाही. तेवढं बघून इथेच खाली लिहा, मग आवृत्त्यांचं बोलू.