तटस्थता की अलिप्तता?

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या परराष्ट्र धोरणावरील लेखाचा अनुवाद करताना, फ्रान्स-ब्रिटन युद्धाबाबत अमेरिकेची भूमिका सांगणाऱ्या त्यांच्या १७९३च्या जाहीरनाम्यासाठी ‘तटस्थता’ हा शब्द योजावा की ‘अलिप्तता’, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते येथे ‘तटस्थता’ योग्य आहे. मात्र खुद्द जाहीरनाम्याचा मजकूर मराठीत आणायचा असेल, तर त्यात हाही शब्द येता कामा नये.

‘तटस्थ’ म्हणजे तटावर उभा असलेला. प्रवाह त्याच्यासमोर आहे, पण तो पाण्यात उतरलेला नाही. चालू युद्धाच्या संदर्भात हा शब्द चपखल बसतो. फेब्रुवारी १७९३मध्ये फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा अमेरिका १७७८च्या तहाने फ्रान्सशी बांधलेली होती आणि तिचा बराचसा व्यापार मात्र ब्रिटनशी चालत होता. २२ एप्रिलच्या जाहीरनाम्यातून ‘न्यूट्रॅलिटी’ (तटस्थता) हा शब्द परराष्ट्रमंत्री जेफरसन यांच्या आग्रहामुळे वगळला गेला आणि त्याजागी युद्धमान राष्ट्रांशी ‘मैत्रीचे व निःपक्षपाती’ वर्तन ठेवण्याची भाषा आली. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, असल्याने युद्धात न उतरण्याचे अध्यक्षांनी परस्पर जाहीर करू नये, असे जेफरसन यांचे म्हणणे होते. पुढे अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी ‘पॅसिफिकस’ या टोपणनावाने अध्यक्षांची बाजू मांडली, तर जेफरसन यांचे सहकारी मॅडिसन यांनी ‘हेल्व्हिडियस’ या नावाने तिचे खंडन केले. हॅमिल्टन यांचा फेडरॅलिस्ट आणि जेफरसन-मॅडिसन यांचा रिपब्लिकन हे दोन पक्ष अशाच वादांतून ठळक होत गेले. एका शब्दाला एवढे महत्त्व देणारे मंत्रिमंडळ मला फार आदरणीय वाटते, आणि म्हणूनच अनुवादात तो शब्द नकळत परत येऊ नये असे वाटते.

‘अलिप्त’ची प्रतिमा वेगळी आहे. कमळाचे पान पाण्यातच असते, पण पाणी त्याला चिकटत नाही. सप्टेंबर १७९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरोपाच्या संदेशात वॉशिंग्टन यांनी परकीय राष्ट्रांशी व्यापार वाढवावा, पण राजकीय संबंध शक्य तितके कमी ठेवावेत, असा सल्ला दिला. तेथे ‘अलिप्तता’ मला अधिक जवळची वाटते, कारण ही भूमिका एखाद्या युद्धापुरती नाही आणि जगाकडे पाठ फिरवणारीही नाही. ‘अलिप्ततावाद’ मात्र टाळावा. १९६१च्या बेलग्रेड परिषदेपासून सुरू झालेल्या अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीशी तो शब्द मराठीत इतका जोडला गेला आहे की वाचकाला वॉशिंग्टनऐवजी नेहरूंचीच आठवण होईल.