ऑपरेशन नीट झालं, पण कुत्री खाईना

"टाके चांगले आहेत, डॉक्टर म्हणतात काळजी नको, पण वाटीला तोंडच लावत नाही." मोठ्या ऑपरेशननंतर कुत्रं घरी आलं की ही तक्रार ठरलेली. मी पशुवैद्य नाही, सांगलीत कौटुंबिक समुपदेशन करते. तरी ही काळजी माझ्या खोलीपर्यंत येते, कारण कुत्रं खात नाही तेव्हा घरात आणखी कोणीतरी जेवत नसतं.

विश्रामबागेतले एक काका बायकोला घेऊन आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) "कुत्री खाईना म्हणून हीबी खाईना मॅडम. दोघींचं करायचं काय?" काकू काही बोलत नव्हत्या. मांडीवर मोबाइल, त्यात पुण्याच्या मुलानं पाठवलेले सल्ले.

कुत्री गावठी, नऊ वर्षांची, सोळा किलोची. नसबंदी केलेली नव्हती. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ती पाणी फार पिऊ लागली, मलूल झाली. गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या माद्यांमध्ये हा आजार नेहमी दिसतो. मिरजेच्या एका दवाखान्यात गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही काढले. त्याला आता चौथा दिवस होता.

चौथा दिवस म्हटल्यावर मी बाकीचं बोलणं बाजूला ठेवलं. भूल आणि वेदनाशामकांमुळे पहिला दिवस, फार तर दुसरा, कुत्रं खात नाही, त्यात नवल नाही. अठ्ठेचाळीस तास उलटले की मात्र बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी डॉक्टरांना कळवायचं. सारख्या उलट्या, फुगलेलं पोट, पांढुरक्या हिरड्या, जखमेतून स्राव, बंद झालेली लघवी किंवा पाणीही नको होणं, यातलं काहीही दिसलं तर तेवढंही थांबायचं नाही. काकूंनी फोन केला नव्हता. "डॉक्टर म्हणतील, एवढ्यातेवढ्याला फोन करते बाई." हा संकोच मला नेहमी भेटतो, आणि कुत्र्याला तो महागात पडू शकतो.

फोन लावण्याआधी मी विचारलं, वाटी पुढं ठेवल्यावर ती नेमकं काय करते? काका म्हणाले, "खात नाही, दुसरं काय." काकूंना मात्र सगळं माहीत होतं. जवळ येते, हुंगते, ओठ चाटते, लाळ गिळते आणि मान फिरवते. आम्ही हेच शब्द फोनवर डॉक्टरांना सांगितले, आणि त्यांनी लगेच घेऊन या म्हटलं. ओठ चाटून मान फिरवणं ही बहुतेकदा मळमळ असते. खायला पुढं येऊन मागं सरणारं, कण्हणारं, धापा टाकणारं कुत्रं दुखण्याकडे बोट दाखवतं. काही वेळा तर फक्त जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन भांड्याच्या काठाला अडत असतो. वाटी विटेवर ठेवली किंवा खाण्यापुरता, डोळ्यांसमोर, कोन काढला की काम होतं. तिला मळमळ होती. दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी जात होती. डॉक्टरांनी औषध बदललं आणि उलटी-मळमळ थांबवणारं इंजेक्शन दिलं. हा निर्णय त्यांचाच. घरी आपल्या मनानं गोळी बंद केली तर दुखणं वाढून भूक आणखी मरते.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आले. मळमळ थांबली होती, खाणं अजून सुरू नव्हतं. घरात काय काय देऊन झालं ते मी विचारलं, आणि यादी ऐकून हादरले. मटणाचं अळणी. आपल्याकडचं अळणी म्हणजे तिखट नसलेलं, पण कांदा-लसूण त्यात असतोच. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ही तर आत्ताच ऑपरेशनमधून उठलेली. शेजारणीनं "ताकद येईल" म्हणून तासगावचा बेदाणा आणून दिला होता. नशीब, कुत्रीनं तो हुंगून सोडला. द्राक्षं आणि बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे टार्टारिक आम्लामुळे होत असावं, असं अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी 2021 मध्ये मांडलं. ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून आमटी-भातही नको. बेदाण्याच्या जिल्ह्यात ही गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी, पण नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं खाणं साधं होतं. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं, हाडं काढलेलं चिकन आणि मऊ भात, कोमट करून, म्हणजे वास येतो. सोळा किलोच्या, पडून असलेल्या कुत्रीला दिवसाला साधारण 560 किलोकॅलरी पुरतात. दीडशे ग्रॅम चिकन आणि दोन वाट्या भात झाला की तेवढं होतं, आणि सुरुवात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून करायची. काकू चार दिवस पूर्वीसारखं काठोकाठ ताट वाढत होत्या आणि ते भरलेलंच उचलताना रडत होत्या.

खरं काम इथून पुढचं. काकू हातानं घास भरवायच्या, मग जबडा उघडून सिरिंजनं पातळ खिमट घालायच्या, गोळ्याही त्याच घासात लपवायच्या. जबरदस्तीनं घातलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय ज्या वाटीत कडू गोळी निघाली त्या वाटीवर कुत्रं पुन्हा भरवसा ठेवत नाही. हे सगळं सांगितल्यावर काकूंनी मान डोलावली, पण मला ते पटल्यासारखं वाटलं नाही.

"तुमच्या घरात याआधी कोणी खाणं सोडलं होतं का?" मी विचारलं.

बराच वेळ गेला. मग काका म्हणाले, "माझी आई. शेवटचे पंधरा दिवस."

सासूबाईंना काकूच भरवत होत्या. त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि मग पुढचं सगळं झालं. तेव्हापासून मिटलेल्या तोंडाचा काकूंना एकच अर्थ ठाऊक होता. "मी नीट भरवलं असतं तर" हे वाक्य त्यांनी सासूबाईंसाठी म्हटलं की कुत्रीसाठी, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. एवढंच सांगितलं की शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न नको म्हणतं, तो भरवणारीचा दोष नसतो. आणि कुत्रीचं तसं नाही, तिच्या न खाण्याचं कारण सापडलंय.

त्यानंतर मी वाटी काकांच्या हातात दिली. काका कसनुसे हसले. त्यांच्या मते ऑपरेशनच करायला नको होतं, आणि घरातलं निम्मं भांडण त्यावरच होतं. पण मला तेच हवे होते. ते वाटी ठेवतील, पेपर वाचतील, पंधरा मिनिटांनी न बोलता उचलतील, दिवसातून चार वेळा. गोळ्या वेगळ्या वेळी, वाटीपासून लांब. काकूंनी खाण्याच्या वेळी स्वयंपाकघरात बसून स्वतः जेवायचं, आणि बाकीच्या वेळी कुत्रीजवळ बसायचं, अंग पुसायचं, अंगणात फिरवून आणायचं. एका वहीत पाणी, लघवी, शी आणि किती खाल्लं ते लिहायचं. पहिली शी दोन-चार दिवस उशिरा होऊ शकते, हेही आधीच सांगून ठेवलं, नाहीतर त्यावरून नवी झोपमोड.

काकूंना हे आवडलं नाही. "म्हणजे मीच नडत होते व्हय?" मी म्हटलं, तुम्ही नीट पाहिलंत म्हणून मळमळ सापडली. काकांनी सांगितलं असतं "खात नाही", आणि संपलं असतं.

वहीतली पहिली नोंद चार घासांची आहे. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी. आठवड्यात ती ठरलेलं सगळं खाऊ लागली. तोवर खाणं सुरू झालं नसतं, तर नाकातून किंवा मानेतून नळीनं भरवण्याची सोय असते आणि लागलीच तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता येईल, हे डॉक्टरांनी काकांना सांगून ठेवलं होतं. पुढचा रस्ता माहीत झाल्यावर काकांचा आवाज खाली आला.

टाके निघाल्यावर काकूंचा फोन आला. अंडाशय काढल्यावर कुत्रीला पूर्वीपेक्षा कमी खाणं लागतं, नाहीतर वजन वाढतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आणि हे जेवायला बसले की हिला भाकरीचा तुकडा टाकल्याबिगर ह्यांचा घास खाली उतरंना. तुम्हीच सांगा जरा." मी काकांना फोनवर घेतलं. तुकडा बंद होणार नाही, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मग ठरलं ते असं: तुकडा एकच, तो रोजच्या भातातून वजा, आणि दर महिन्याला मिरजेच्या दवाखान्यातल्या काट्यावर वजन.